आधी स्टोरेज

मी सर्व्हरमागच्या जुन्या वायरी उपटत होतो. नारिंगीतून स्टोरेजचा डेटा जायचा, ते खातं खांबेटे मॅडमचं. निळीतून ऑफिसचं नेटवर्क, ते माझं. आता दोन्हींसाठी एकच काळी वायर.

“आणि गर्दी झाली तर?” मी मॅडमना विचारलं.

“स्टोरेजला आधी वाट द्यायची. त्यातलं काही गळलं तर डिस्कवरचं सगळं बिघडेल. तुमचं गळलं तर गळू दे, मुजावर. ते पुन्हा पाठवता येतं.”

तसंच बसवलं. चाचणी पहिल्याच फटक्यात पार पडली. साहेबांनी खूश होऊन पेढे मागवले आणि पेढा आमच्या तोंडात असतानाच म्हणाले, “वायर एक झाली, मग माणसं दोन कशाला? तुमच्यात ठरवा.”

मॅडमनी मान वर केली नाही.

“ठरलेलंच आहे, साहेब. आधी स्टोरेज,” मी म्हणालो आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

मॅडम माझ्यामागे दारापर्यंत आल्या. “मिळेल हो तुम्हाला दुसरीकडे कुठेतरी,” त्या हळूच म्हणाल्या.

“चोपन्नाव्या वर्षी?” मी म्हणालो. “पुन्हा पाठवता येतो तो फक्त डेटा, मॅडम.”