तिचं पहिलं नाव

"सहाच मिनिटं उरलीत, मग त्यांना परत आणता येणार नाही," डॉक्टर फरांदे म्हणाल्या. बेशुद्ध माणसाला हाकेवर शुद्धीत आणणारं यंत्र इंदुमतीच्या डोक्याला लावलं होतं, पण नवऱ्याच्या, हिंदुरावांच्या हाकांनी पडद्यावरची रेघ हलेना.

"मेंदू पहिल्या नावालाच ओ देतो, काका. त्यांचं माहेरचं नाव काय?"

चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं ठेवलेलं ते नाव कधीच उच्चारणार नाही, असा शब्द हिंदुरावांनी लग्नात तिला दिला होता.

"काका, लवकर!"

ते तिच्या कानाशी वाकले. "नकोशे," त्यांचा आवाज फाटला, "ये गं परत."

रेघ उसळली. इंदुमतीनं डोळे उघडले, नवऱ्याला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.