शटरखालची वीट

वेल्डर दुसऱ्यांदा अडखळला, हातातला हातोडा खणकन खाली पडला, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "किती घेतलीस?"

"घेतली नाही, मास्तर. नऊ महिने झाले, शिवलोसुद्धा नाही." अर्धवट जोडलेल्या लोखंडी गेटला धरून त्यानं कसाबसा तोल सावरला. "पायच लटपटतायत. डोकं ठणकतंय नुसतं."

"माझ्याही पायांचं वय झालंय, पण ते असे नाचत नाहीत," मास्तर म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

मास्तर म्हणजे शेडचे फोरमन. हे नाव त्यांना तोफेमुळे पडलं होतं. तोफ म्हणजे रॉकेलवर चालणारा, तोंडातून भसाभसा गरम हवा फेकणारा हीटर. थंडी सुरू झाली की मास्तर रोज सकाळी सगळ्यांना त्या तोफेपुढे उभं करून पाढ्यांसारखे नियम म्हणवून घेत. तोंडासमोर काही ठेवायचं नाही, गरम असताना रॉकेल ओतायचं नाही, आधी बटण बंद आणि पंखा थांबल्यावरच प्लग. लेथवरचा म्हातारा टर्नर जांभई देत देत म्हणायचा, पण शेवटचा नियम सगळे एका सुरात म्हणत: शटर पूर्ण खाली आणायचं नाही, खाली वीट उभी पाहिजे. बंद शेडमध्ये तोफेमुळे हवा विषारी होते आणि त्या विषाला ना रंग असतो ना वास, असं मास्तर वर बजावत.

वेल्डरला कामावर परत घेताना मालकांना शब्द दिला होता तोही मास्तरांनीच. पुन्हा प्यायला तर मीच बाहेर काढीन, असं ते म्हणाले होते. म्हणून फोनही त्यांनीच लावला. "वहिनी, येऊन घेऊन जा तुमच्या नवऱ्याला. उद्यापासून त्यानं यायची गरज नाही."

ती दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करायची. बाजूच्या लहान दारातून धापा टाकतच आत आली. सरळ नवऱ्याची हनुवटी धरून म्हणाली, "तोंड उघडा."

सहा माणसांसमोर त्या दांडग्या गड्यानं डोळे मिटून तोंड उघडलं. तिनं वास घेतला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतला.

"वास नाही," ती म्हणाली. मग डोळे चोळत तिनं आजूबाजूला पाहिलं. "पण इथे किती कोंडलंय! तुम्ही माणसं श्वास तरी कसा घेता?"

"माझंही डोकं सकाळपासून धरलंय," टर्नर म्हणाला. "आणि मी तर नुसता चहा घेतलाय."

मास्तरांच्याही कानशिलांत तासभर ठोके पडत होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी ते मनाची समजूत घालत होते. आता त्यांनी शटरकडे पाहिलं. खालून दिसणारी उजेडाची पट्टी नव्हती. वीटही नव्हती. ती शोधायला मात्र त्यांना कुठे जावं लागणार नव्हतं. सकाळी पायांत कळा येऊ लागल्या तेव्हा पाच मिनिटांपुरती म्हणून त्यांनीच ती काढली होती. शटर आवाज न करता हलकेच खाली सोडलं होतं. तोफेच्या तोंडासमोर वीट शेकवून, गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली पायांशी घेतली होती. पाच मिनिटांची दुपार झाली, मधे दोनदा ती पुन्हा शेकवूनही झाली.

"शटर वर घ्या! सगळे बाहेर!" ते ओरडले. त्यांनी तोफेचं बटण बंद केलं. प्लगकडे हात गेला नाही, तेवढं अंगात मुरलं होतं.

गल्लीत थंडी नुसती चावत होती. बायकोनं वेल्डरला पायरीवर बसवलं. दवाखान्यात न्यायला टर्नरनं फोन करून गाडी बोलावली. आत तोफेचा पंखा एकटाच घरघरत होता.

"वीट कुणी काढली रे?" फोन खिशात टाकत टर्नरनं विचारलं.

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पंखा थांबला की बोलू, मास्तरांनी मनाशी ठरवलं. पंखा काही थांबेना.

"माझ्याकडूनच राहिली असेल," वेल्डर मान खाली घालून म्हणाला. "सकाळी शटर मीच उघडलं होतं. चुकलं, मास्तर."

त्यानं ते इतक्या सवयीनं म्हटलं की सगळ्यांना पटलं. टर्नरनं मान डोलावली. बायको नवऱ्याकडे संशयानं पाहू लागली, आत येताना पाहिलं होतं तसंच. मास्तर नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंखा थांबला.

ते आत गेले आणि टेबलाखालचं गाठोडं घेऊन बाहेर आले. "मी काढली," ते म्हणाले. "पायांना शेक हवा होता. मालकांना मीच सांगतो. वहिनी, मी तुम्हाला उगाच..."

कुणी एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. वेल्डरनं दोन्ही हात पुढे करून गाठोडं घेतलं, गोणपाट सोडवलं. वीट अजून गरम होती. ती त्यानं मांडीवर धरली.

"पाय फार दुखतात का, मास्तर?" त्यानं विचारलं.