मुठीचं मडकं

एक मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. दळणाला बसायच्या आधी त्यात मूठभर जोंधळा पडतो.

एका गिरणीचा भोंगा. शेवटचा वाजला त्याला वीस वर्षं झाली.

लाखेची कांडी, अर्धी जळालेली.

एक पांढरा फ्रॉक, जेमतेम वीतभर. कॉलरच्या आत शिवलेली फीत, फितीवर निळ्या दोऱ्यानं काढलेली इंग्रजी अक्षरं. सोजरबाईचा बाप्तिस्मा ह्याच फ्रॉकात झाला. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि फ्रॉक तिच्या ट्रंकेत तळाशी असतो.

रविवारची उपासना संपली होती. पुरुष उठून गेले, बायका सतरंजीवर बसून राहिल्या. पाळकसाहेब नर्स दगडाबाईचं पत्र वाचून दाखवणार होते. सोलापूरच्या मिशन दवाखान्यात बावीस वर्षं काढून दगडाबाई चार वर्षांपूर्वी लांबच्या एका गिरणगावात, गरिबांच्या वस्तीत सेवेला गेली होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं सोजरबाईकडून तो फ्रॉक मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि घडी घालून परत दिला.

पाळकसाहेब वाचू लागले. "इथल्या गिरण्या कधीच्या बंद पडल्या. भिंती उभ्या आहेत, खिडक्या फुटल्या आहेत. चार मुलखांतली माणसं पोटापायी इथे आली, त्यांना अजून एकमेकांची भाषा येत नाही. पुरुष दुपारपासूनच पितात. यंदा तेल फार महागलं. एक आई तीन लेकरांना अंगावरच्या कपड्यांनिशी एकाच गादीत झोपवते. मी दार वाजवलं की आतून विचारतात, आम्ही काय भिकारी आहोत?"

"आमच्या घरचं तिला कुणी सांगितलं?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

सोजरबाई हसली नाही. तिनं मंडळीचं मुठीचं मडकं पुढं सरकवलं.

"थंडीच्या आत पाच चादरी धाडायच्या हायेत. सगळ्यांनी मूठ वाढवली तर हुईल."

"कुणाला? त्या दारुड्यांला?" मथुराबाईनं विचारलं. दुष्काळ सरून वर्षही झालं नव्हतं. तिनं दोन्ही तळहात पुढं केले. "सोजराक्का, खडी फोडून हे घट्टे पडलेत. आमचीच लेकरं उघडी हायेत. ह्या मडक्यातलं हितंच वाटा की."

तिचं चुकत नव्हतं. मागच्या दोन रांगा मथुराबाईकडे बघून चालायच्या. ती उठली असती तर मडकं रिकामंच राहिलं असतं, आणि दगडाबाई त्या बंद दारांसमोर रिकाम्या हातानं उभी राहिली असती.

"तुझा धाकटा तापानं फणफणला तवा तीन दिस उशाशी कोण बसलं?" सोजरबाईनं विचारलं.

"दगडाबाई. तिला देईन की. दारुड्यांला न्हाय."

"तिनं तुझ्या घरचा दारुडा बघून दवा द्यायची थांबवली का?"

आता सगळ्याच हसल्या. मथुराबाईला पदर तोंडाला लावावा लागला.

"बरं. पर एक सांगते," ती म्हणाली. "चादरी कोऱ्या पायजेत. मिशनच्या पेटीतनं आमाला दुसऱ्याचं उतरलेलं कापड मिळायचं. मला लई लाज वाटायची. तसलं धाडायचं आसंल तर माझी मूठ धरू नगा."

"कोऱ्याच."

मडकं जोंधळ्यानं सात वेळा भरलं. सातही वेळा सोजरबाईनं ते हातमागावर चादरी विणणाऱ्या विरुपाक्षाच्या दारात नेऊन ओतलं. सूत महाग, बाजार थंड, त्यामुळे त्यानं धान्य खुशीनं घेतलं.

"अव्वा, चादरीवर मोर काढू?"

"मोर नगं. सूर्य काढ. तितं लई थंडी आसती."

"थंडीला अजून अवकाश हाय. आत्ता श्रावण चाललाय."

"पोचायला येळ लागतो."

विरुपाक्ष मागावर बसला. वीण त्यानं जरुरीपेक्षा घट्ट ठोकली.

पाची चादरी जाड कापडात शिवून झाल्या, शिवणीवर लाखेचे ठिपके पडले. ते गाठोडं कडेवर घेऊन सोजरबाई पोस्टात गेली. मथुराबाई सोबत होती. खिडकीत धोंडप्पा कारकून होता. सोजरबाईनं आधी पत्त्याचा कागद पुढं केला, मग पिशवीतून फ्रॉक काढला.

"हे काय, बाई?"

"मला इंग्रजी येत न्हाय. ह्या फितीवर जे गाव हाय तेच कागदावर हाय का, तेवढं बघा. चुकायला नगं."

धोंडप्पानं फीत वाचली. कागद वाचला. पुन्हा फीत वाचली.

"तेच हाय," तो म्हणाला. मग त्यानं त्या दोघींच्या पायांकडे पाहिलं. मथुराबाईच्या पायात वहाण नव्हती. "तुमच्या मंडळीतल्या बायका करतात तरी काय?"

"विड्या वळतात," सोजरबाई म्हणाली. "ही खडी फोडती."

"आणि हे कुणाला?"

"गरिबांला," मथुराबाईनं उत्तर दिलं. "कोऱ्या हायेत म्हनून लिवा."

धोंडप्पानं तसं लिहिलं. "बोटीनं तीन महिने लागतील," तो म्हणाला, आणि जकातीच्या कागदावर पत्ता उतरवताना सवयीनं मोठ्यानं वाचत गेला: लोवेल, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका.

१९२६ साली लोवेलच्या गिरणीत काम करणाऱ्या बायकांनी जेवणाच्या सुटीत बसून सोलापूरच्या गरीब लेकरांसाठी चाळीस फ्रॉक शिवले होते. ते सगळे कोरे होते.