बकुळीखालची मोकळी जागा

वेंगुर्ल्याची जुनी बाग बघायला मी आणि माझी बायको उर्वशी सकाळीच गेलो. बकुळीखाली फुलांचा दाट सडा पडला होता. मधली दोन पावलांएवढी माती मात्र उघडी होती.

"थंय पाय ठेवू नको गो," बाग झाडणाऱ्या नर्मदाकाकी म्हणाल्या. "थंय राखणदार उभो रवता. त्येच्यार फूल पडणा नाय."

ऐकेल ती उर्वशी कसली! फोटोसाठी नेमकी तिथेच उभी राहिली, मग हसत बाजूला झाली.

वारा सुटला. फुलं टपटपली आणि उघडी माती बघता बघता झाकून गेली.

काकींच्या हातातला खराटा गळून पडला. "खंय गेलो तो?"

माझ्या केसांत, काकींच्या पदरावर फुलं पडतच होती. आमच्या मधोमध उभ्या असलेल्या उर्वशीच्या अंगावर एकही पडत नव्हतं.