बार्शीटाकळीचा भिडू

अमरावतीची आचल आणि अकोल्याचा तिचा मामेभाऊ धर्मेंद्र यांच्या ऑनलाइन गेमच्या टीममध्ये नवा भिडू आला होता. मी बार्शीटाकळीचा, असं सांगायचा. त्याचा नेम कधी चुकायचा नाही आणि तो बोलायचा नाही, फक्त टाइप करायचा. आता स्पर्धेच्या नावाखाली टीमच्या अकाउंटचा पासवर्ड मागत होता. दोघांनी कमावलेलं सगळं त्याच अकाउंटमध्ये होतं.

"दादा, हा माणूस नाही, बॉट हाये," तुरीच्या शेंगा सोलत आचल हेडफोनमध्ये म्हणाली. "येवढा नेम माणसाचा रायते का?"

"तुले तं सगळ्याईवरच डाऊट येते. भारी फोन असन त्याच्याकडे."

"फोननं नेम लागत नाही. थांब, त्यालेच विचारू." तिनं टाइप केलं, "काहून रे, बॉट हायेस का तू?"

लगेच उत्तर आलं, "काय बोलून राहिली बाई! बॉट असतो तं मायनं कामं सांगितली असती का? थांब जराशी, कूलरमदी पाणी टाकून येतो."

दोघंही खो खो हसले. रंगात आलेला खेळ सोडून कूलरमध्ये पाणी टाकायला उठतो, तो पक्का वऱ्हाडी माणूस! आचलचा संशय फिटला. तिनं पासवर्ड पाठवून दिला आणि थंडीनं आखडलेली बोटं ब्लँकेटमध्ये घातली.

 

"दादा," ती हळूच म्हणाली, "जानेवारीत कूलर?"