मुठीची ज्वारी

घोडीनं घमेल्यात तोंड घातलं आणि शहादेवतात्या दवाखान्याच्या मागच्या दारातच थांबले.

घमेल्यातली ज्वारी त्यांच्या ओळखीची होती. काही दाणे पांढरे, काही पिवळसर, काही पावसात सापडून काळपटलेले. बत्तीस घरांची अशी मिसळ बाजारात मिळत नाही. ती फक्त दवाखान्याच्या मुठीत असते.

पन्नास वर्षांपूर्वी गावानं डोक्यावर दगड वाहून हा दवाखाना बांधला. वाड्यावस्त्यांवरून येणारी बाळंतीण उपाशी राहू नये म्हणून बायांनी ठरवलं, दळण काढताना रोज एक मूठ बाजूला ठेवायची. ती दर गुरुवारी गोळा करायचं काम वाचनालयातल्या शहादेवकडे आलं. दारात उभं राहायचं आणि पोत्याचं तोंड उघडायचं. बोलावं लागत नव्हतं, म्हणूनच ते त्यांना जमलं. वाचनालय बंद पडलं, बायको गेली, पण गुरुवार चुकला नाही. अलीकडे तर बाया ज्वारीसोबत मिठाची पुडी, चार वाळल्या मिरच्याही टाकत. 'दवाखान्यावरची माया अजून आटलेली नाही,' असं तात्यांनी पन्नाशीसाठी लिहायला घेतलेल्या दवाखान्याच्या इतिहासात लिहिलं होतं. लिहून दोनदा खोडलं होतं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

पोतं ते मागच्या दाराशी ठेवत आणि मागच्या खेपेचं रिकामं उचलून परत फिरत. आत डोकावणं त्यांना बरं वाटत नसे. आज दार सताड उघडं होतं.

स्वयंपाकघराच्या चुलीवर खोगीर होतं. चुलीशेजारच्या वैलात लीद पडली होती. 'रुग्णांना मोफत जेवण' या पाटीच्या खिळ्याला घोडीचा दोर बांधला होता. कोपऱ्यात मिठाच्या पुड्या आणि मिरच्यांचा ढीग धूळ खात होता. एकही पुडी कुणी उघडली नव्हती.

"या तात्या. भिता कावून? चावत न्हाई ती." दवाखान्याचे अध्यक्ष विजयसिंह घोडीच्या मानेवरून हात फिरवत होते. त्यांचे वडील अर्जुनराव यांनी दवाखान्याला जागा दिली होती.

"इथं सैपाक..."

"बारा वर्षं झाली बंद करून. आता कोन खातंय तसली भाकरी? तुमी आनताच हाव, तर टाकून द्यायची का?" त्यांनी घोडीच्या तोंडाचा फेस तळहातानं पुसला आणि तोच हात तात्यांच्या खांद्यावर ठेवला. "पन्नाशीच्या कार्यक्रमात इतिहास तुमीच वाचायचा बरं का. मुठीचं जरा रंगवून सांगा. पाहुण्यांना लई आवडतं असलं."

घोडी दाणे चावत होती. दातांखाली कुर्रकुर्र आवाज होत होता. आजचं भरलेलं पोतं तात्यांनी तसंच पाठीवर घेतलं आणि निघाले.

रस्त्यात हापशावर त्यांनी खांदा धुतला. पुन्हा धुतला. तरी वास जाईना. बारा वर्षं. ऊसतोडीवरून परतलेल्या बाया घरात दाणा कमी असला तरी मूठ काढत होत्या, आणि ती आपण आपल्या हातानं या जनावराच्या पुढ्यात नेऊन ठेवत होतो. हे बायांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं की गावाची ही एवढी एक गोष्टही संपणार होती. शिवाय दाराआडची चूल पेटतेय की नाही, हे बघायचंसुद्धा ज्याला सुचलं नाही, त्याचं कोण ऐकणार?

पहिलं घर बायनाबाईचं. ती ओसरीवर सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत होती. पुढच्या गुरुवारची मूठ निवडून बाजूला ठेवलेली होती. तात्यांनी पोतं तिच्यापुढं ठेवलं. वाटेत जुळवलेलं वाक्य आठवेना.

"बायनाबाई, तुमची ज्वारी परत घ्या. दवाखान्यात चूलच पेटत न्हाई. बारा वर्षं ही विजयसिंहाची घोडी खातीय."

बायनाबाईचा हात सुपातच थांबला.

"चूल बंद झाल्यालं सगळ्या गावाला म्हाईत हाय की, तात्या. माझी सून तिथंच बाळंत झाली, च्यासुदीक बाहेरून आनलाता."

"मग देत कावून होता?"

तिनं त्यांच्या उसवलेल्या सदऱ्याकडं पाहिलं, वर आलेल्या गळ्याच्या हाडांकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या, पुढच्या गुरुवारसाठी बांधून ठेवलेल्या मिठाच्या पुडीकडं पाहिलं.

"आमाला वाटलं, एकटा मानूस, मागायला लाजतो, म्हनून दवाखान्याचं नाव सांगतो," ती हळूच म्हणाली. "मग तात्या, इतकी वर्षं तुमी खात काय होता?"