मुठीतले वेढे

श्वानपथकाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या शिपाई सारिका घुलेने आपल्या कुत्रीच्या, बिजलीच्या पट्ट्याची दोरी मुठीला दोन वेढे देऊन आवळली. आज चुकली, तर पथक सुटलं आणि परत चौकीत टपाल लिहिणं आलं.

मैदानात सहा बॅगा ओळीने मांडल्या होत्या. स्फोटकाचा नमुना सापडला, की कुत्रीने तिथेच बसायचं. परीक्षक साहेब सारखे चौथ्या बॅगेकडे बघत होते, म्हणून सारिकाने बिजलीला तिकडेच ओढलं. बिजलीने बॅग हुंगली, तोंड फिरवलं आणि सारिकालाच ओढत नेऊन ती साहेबांच्या बुटांपुढे बसली.

साहेबांवरच बोट ठेवायचं? बिजली जागची हलेना. सारिकाने हळूहळू मुठीचे वेढे सोडले.

"सर, नमुना तुमच्याकडे आहे."

साहेबांनी खिशातून पुडी काढली. "बिजली पहिल्यापासून बरोबरच होती, घुले. मागच्या दोन्ही वेळा तुम्हीच तिला ओढून नेलंत. आज पास."

सारिका बिजलीशेजारी गवतावर बसली. हसावं की रडावं, कळेना. बिजलीने तिच्या खिशात नाक खुपसलं. काम झालं होतं, आता बक्षिसाचा चेंडू.